अण्णांचा तिसरा दगड

परवा आमच्या सम्यकला कुरियरनं एक दगड आला. सम्यक माझा नातू. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून परदेशातल्या कुणाचं तरी काम सांभाळतो आणि उरलेल्या वेळात दाढी सांभाळतो. खोक्यातून खोकं निघालं, त्यातून मऊ कापड आणि कापडातून साबणाच्या वडीएवढा पिवळसर दगड. मी हात पुढं केला तर म्हणाला, "आज्जी, प्लीज, हाताचं तेल लागेल. हा नॅचरल फिनिशिंग स्टोन आहे. स्ट्रेट रेझरची शेवटची एज यावरच करतात. सिंथेटिकवर तो फीलच येत नाही." मी म्हटलं, "वस्तऱ्याची पथरी आहे, असं सरळ सांग की." तर मलाच विचारतो, "तुला कसं माहीत?" आता काय सांगायचं! बिबवेवाडीच्या आमच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, ज्या काळसर दगडावर हा गेली कित्येक वर्षं ओले बूट वाळत घालतो, तो दगड काय आहे हे याला कुणी सांगितलेलंच नाही. चूक माझीच. आधी त्याला ते बूट उचलायला लावले आणि मग हे लिहायला बसले.

आमचं घर तेव्हा खडकीला, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं मोरी आणि मोरीपलीकडं शहाबादी फरशीचं एवढंसं अंगण. सगळी लाईन भोंग्यावर उठायची आणि भोंग्यावर जेवायची. रविवारी मात्र भोंगा नसायचा आणि त्या दिवशी आमच्या घराला जाग यायची ती अण्णांच्या वस्तऱ्याच्या आवाजानं. अण्णा म्हणजे माझे वडील. अंगणात पाटावर बसून, कमरेला टॉवेल गुंडाळून ते वस्तरा पाजवत असायचे. दगडावरून पातं एकदा पुढं जाई, एकदा मागं येई, सुस्स, सुस्स. आत आईचा स्टोव्ह फरफरत असायचा, चहा उकळत असायचा आणि तव्यावर भाजलेल्या सुक्या बोंबलांचा वास सगळ्या लाईनभर पसरायचा. त्या वासानं लाईनीतल्या मांजरी आमच्या ओट्यावर गोळा व्हायच्या आणि आई त्यांना "या पावण्या, बसा" म्हणायची.

अण्णांकडं तीन दगड होते. पहिला खरखरीत, पात्याचे दात मोडायला. दुसरा तांबूस, त्या मोडलेल्या धारेला वळण लावायला. आणि तिसरा, ज्याचं नाव आमच्या घरात नुसतं 'साहेब' होतं. छावणीतल्या अधिकाऱ्यांच्या मेसमधलं जुनं बिलियर्डचं टेबल मोडीत निघालं, तेव्हा हिरव्या कापडाखालची दगडी लादी फुटली. त्या लादीचा दीड विटेएवढा तुकडा अण्णा सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी घेऊन आले. पाटीच्या दगडाची जात, काळसर निळी, वरची बाजू आरशासारखी गुळगुळीत आणि खालची फुटून ओबडधोबड झालेली. साहेबांच्या मेसमधला म्हणून तो साहेब. आई चेष्टेनं विचारायची, "अहो, साहेबांची आंघोळ झाली का? मला मोरी हवीय."

साहेबावरचं काम मी तासन्‌तास बघत बसायची. आधी त्याच्यावर पाण्याचे चार थेंब. मग त्याच लादीचा एक छोटा तुकडा घेऊन अण्णा वरून हळूहळू घासायचे. थोड्या वेळानं राखाडी दूध सुटायचं, सहाणेवर गंध उतरतं तसं. त्या दुधावर वस्तरा आडवा टेकवायचा, पाठ आणि धार दोन्ही दगडाला लागलेल्या, आणि दगडाचा पातळ पापुद्रा काढायचा आहे अशा बेतानं तो पुढं न्यायचा. जोर अजिबात द्यायचा नाही. मग बोटानं पाण्याचा एक थेंब, पुन्हा थोडे हात, पुन्हा एक थेंब, असं करत करत दूध पातळ होत जायचं आणि शेवटी दगडावर नुसतं स्वच्छ पाणी उरायचं. तेव्हा पातं दगडाला किंचित चिकटायला लागायचं. अण्णा म्हणायचे, "आता तो सोडत नाही बघ. झालं." मग जुन्या लष्करी पट्ट्याच्या चामड्यावर चटपट चटपट, आणि मग हाक यायची, "मंदा, केस आण." मी फणीतला एक केस काढून न्यायची. अण्णा तो दोन बोटांत धरून धारेवर टेकवायचे. 'टिक' असा आवाज होऊन केस तुटला, तर पुन्हा पाणी आणि पुन्हा दगड. आवाज न करता केस नुसता खाली पडला, तर पास. आई आतून म्हणायची, "एवढ्या परीक्षा घेतल्यात, लग्नाच्या वेळी पोरगी टकली निघेल."

अण्णा न्हावी नव्हते, कारखान्यात ग्राइंडिंगला होते. पण ते ज्या गावात वाढले त्या गावचा न्हावी आमच्या वस्तीतल्या माणसांना हात लावायचा नाही. गावच्या म्हशी भादरायचा, आमचं माणूस नाही. म्हणून वस्तीतली डोकी माझे आजोबाच करायचे, विटेवर घासलेल्या वस्तऱ्यानं. कान कापला नाही तर त्या दिवशी नशीब बरं. अण्णांच्या डाव्या कानामागं त्याची खूण होती आणि ती ते आल्यागेल्याला मोठ्या हौसेनं दाखवत. पुढं धम्म आला, पुणं आलं, कारखाना आला. उन्हाळ्यात विहारात दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर व्हायचं. कुणी शिक्षक, कुणी कारखान्यातला कामगार, कुणी कॉलेजचा मुलगा, सगळे घरदार ठेवून डोकी मुंडवायचे, चीवर घालायचे आणि विहारात राहायचे. त्या सगळ्यांची डोकी करायचा मान अण्णांचा. त्यांचा एकच हट्ट होता, या डोक्यांतून रक्ताचा थेंब येता कामा नये. ते असं का म्हणत, हे आम्हाला कुणी समजावून सांगितलं नाही, पण कळलं होतं. तांबड्या दगडावरची धार दाढीला चालते, तीही कुरकुरत. डोक्याच्या कातडीला साहेबच लागतो.

त्या वर्षी माझं कॉलेजचं पहिलं वर्ष संपत आलं होतं आणि आमच्याकडं गजराआत्या राहायला आली. अण्णांची पाठची बहीण. लोणी काळभोरला दिली होती. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, आणि दिरानं तिचं अंथरूण गोठ्याशेजारच्या खोलीत नेऊन टाकलं. अण्णांना हे कळलं त्या दिवशी ते कामावरून परस्पर गेले आणि संध्याकाळी आत्याला आणि तिच्या पत्र्याच्या ट्रंकेला घेऊन आले. मला तर आनंदच झाला. ती माझ्या शेजारी झोपायची आणि उसातल्या कोल्ह्यांपासून दिराच्या बायकोच्या घोरण्यापर्यंत सगळ्याच्या नकला करून दाखवायची. आम्ही दोघी इतक्या हसायचो, की आतल्या खोलीतून अण्णांचं खाकरणं यायचं.

पण आत्याला एक गोष्ट सतत टोचत होती. आपण भावाच्या घरी फुकट खातोय. कुणी तसं म्हटलं नव्हतं, पण तिच्या मनातून ते जाईना. म्हणून ती दिवसभर आमच्या घराला उपयोगी पडत सुटली आणि तिचा प्रत्येक उपयोग आम्हाला निस्तरावा लागे. अण्णांची मुरलेली लोखंडी कढई तिनं राख लावून अशी घासली, की पुढं महिनाभर त्यात काहीही टाकलं तरी चिकटायचं. माझ्या कॉलेजच्या पांढऱ्या गणवेशाला, तो जास्त पांढरा व्हावा म्हणून, तिनं इतकी नीळ घातली, की मी आभाळाच्या रंगाची होऊन वर्गात बसले. आई हसून म्हणायची, "वन्सं, बसा हो जरा." आत्या म्हणायची, "बसून खायाला काय मी मामलेदारीन हाय?"

शिबिराला आठवडाच राहिला होता. दुपारी मी कॉलेजमधून आले. आई रेशनच्या रांगेत होती, अण्णा कारखान्यात. मोरीजवळ आत्या कमरेवर हात ठेवून उभी होती आणि समोर धुऊन पुसून दोन दगड उभे केले होते. एक आमचा पाटा. दुसरा साहेब. पाट्याला टाकी लावणारी बाई लाईनीत आली होती. छिन्नी-हातोडीनं ठोकून पाट्याला बारीक खड्डे पाडून देतात, म्हणजे वाटण पकडतं. आमचा पाटा झिजलाच होता, तेव्हा त्याला टाकी लावली ते ठीक. पण मोरीच्या कट्ट्यावर आत्याला आणखी एक छोटा पाटा दिसला, आणि तो तर बिचारा पार काचेसारखा झाला होता.

"बग मंदे," आत्या अभिमानानं म्हणाली, "ह्यो तर कुनी बगितलाच न्हवता. पार गुळगुळीत झाल्ता. त्या टाकीवालीला बी म्हाईत न्हाय. म्हनं, ह्यो दगुड येगळा हाय, पापुद्रं निघत्यात. मी म्हनलं, तू हान गं बाई, आमच्यात पाटं काय कमी वापरलंत व्हय? आन बगितलंस का, थोडी चटनी बी वाटून बगितली. लई झ्याक वाटतोय."

साहेबाच्या अंगावर देवीचे व्रण उठावेत तसे खड्डेच खड्डे होते आणि खड्ड्यांत लसूण आणि लाल मिरची भरलेली. आत्याचं तोंड इतकं खुललं होतं, की आत्ता सांगावं असं वाटेना. (तो दगड पावसाळ्यात अजून लसणाचा वास देतो असं माझं म्हणणं आहे. सम्यकनं आज नाक लावून बघितलं आणि "इम्पॉसिबल" म्हणाला. त्याला सर्दी आहे.) आई आली, तिनं बघितलं, कपाळाला हात लावला आणि मला डोळ्यांनी खुणावलं, की आधी त्यांना जेवू दे.

भोंगा झाला. अण्णा आले, हातपाय धुतले आणि थेट ताटावर बसले. ज्वारीची भाकरी, पिठलं, आणि कडेला ती चटणी. पहिला घास घेतला आणि मान हलवली. दुसरा घेतला आणि म्हणाले, "आज चटणी कुणी केलीय? फार दिवसांनी अशी खाल्ली. आपल्या आईच्या हातची आठवण झाली."

"व्हनारच की!" आत्या फुलून म्हणाली. "तुज्या त्या धाकट्या पाट्याला टाकी लावून घेतली, दादा. मोरीवरचा त्यो. पार वाया गेल्ता."

अण्णांचा घास हातातच राहिला. ते उठले, मोरीपाशी गेले, दिवा लावला. परत येऊन पाटावर बसले, पाण्याचा घोट घेतला आणि शांतपणे म्हणाले, "उद्या ती बाई परत आली, तर वस्तऱ्यालाही दात पाडून घे. भाजी चिरायला होईल. या घरात आता दुसरा काही उपयोग उरला नाही त्याचा. आणि हातासरशी माझ्याही डोक्यात दोन छिन्न्या मारून घे, तेही गुळगुळीतच झालंय."

अण्णांचं बोलणं असंच असायचं. पुण्यात इतकी वर्षं काढल्यावर माणसाला ओरडायची गरज राहत नाही. आम्हाला त्याची सवय होती, आत्याला नव्हती. ती आधी हसली, कारण तिला वाटलं चेष्टा आहे. मग तिनं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हातातली भाकरी ताटात ठेवून दिली. आईनं तिला हळूहळू सगळं समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा शेजारचं अंथरूण घडी घातलेलं होतं आणि ट्रंक भरून दारापाशी ठेवलेली होती.

"आत्या, कुठं निघालीस?" मी विचारलं.

"लोनीला. आपलं हाय त्येच बरं. गोठ्यात काय मोडायचं भ्याव तरी नसतं."

ती गेली, की त्या गोठ्यात जाणार आणि पुन्हा कधी येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला ती हवी होती. मी तिच्या ट्रंकेवर जाऊन बसले आणि उठेनाच. ती थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली आणि मग म्हणाली, "बरं, मला एक सांग. त्यो दगुड पयल्यावानी व्हतो का?" मी म्हटलं, होतो, पण फार घासावं लागतं. सपाट फरशीवर वाळू आणि पाणी घालून घासायचा, खड्डे जाईपर्यंत. अण्णा रात्री म्हणत होते, इतक्या खोल टाकीला आठवडाही पुरणार नाही, दगड मेला. आत्यानं पदर खोचला. "मंग त्यात काय! जल्मभर पाटं गुळगुळीतच करीत आले की. दगुड नीट करते आन मंग जाते. तुज्या बापाचं काय बी ठेवून घ्यायचं न्हाय मला."

तेव्हापासून आमच्या अंगणात खर्र खर्र सुरू झालं. नदीची वाळू आणली, चाळली, शहाबादी फरशीवर पसरली, आणि आत्या दोन्ही हातांनी साहेबाला धरून घासायला बसली. तिच्या हातात काय जोर होता! लाईनीतल्या बायका विचारायच्या, एवढं काय दळताय हो, लग्न ठरलं का मंदाचं? आई सांगायची, "नाही, साहेबांना मालिश चाललंय." घासताना आत्या बोलायची. आजोबा वस्तीतली डोकी करायचे तेव्हा कापलेल्या जागी हळद दाबायचं काम हिचं असायचं. अण्णांच्या कानामागं हळद हिनंच भरली होती, तेव्हा ही पाच-सहा वर्षांची असेल. नवरा शेवटी अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याची दाढी हीच करायची. "हात चांगला हाय माजा," ती म्हणाली. "दगुडच नशिबी कंदी चांगला न्हाय आला."

अण्णा तिच्याशी बोलत नव्हते. ती त्यांच्याशी बोलत नव्हती. पण अण्णा संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचायला बसू लागले. यापूर्वी ते पेपर नेहमी पुढच्या ओट्यावर वाचायचे. आणि पेपरमधून डोकं वर न काढता मध्येच म्हणायचे, "एकाच जागी घासलं, की मध्ये खड्डा आणि कडा उंच. आठच्या आकड्यात फिरवावं लागतं." आत्या मला म्हणायची, "त्येला सांग, मला आठचा आकडा येत न्हाय, मी साळंला गेले न्हाय." मी दोन हातांवर बसलेल्या अण्णांना ते सांगायची. अण्णा पेपरला म्हणायचे, "वेटोळं म्हणावं. दोन वेटोळी, शेजारी शेजारी." मग आत्याच्या हाताखालचा दगड दोन वेटोळी घेत फिरायला लागायचा.

सपाटी तपासायचं काम माझं. कॉलेजच्या पेन्सिलीनं मी दगडावर उभ्याआडव्या रेघा मारायची, आत्या चार हात फिरवायची आणि जिथं रेघ शिल्लक राहील तिथं अजून खळगा आहे असं समजायचं. आधी रेघांचं जाळंच्या जाळं उरायचं. मग ठिपके उरायला लागले. वाळू संपली, तिच्यातली फडक्यातून गाळलेली बारीक पूड आली, मग नुसतं पाणी आणि साहेबाचाच तो छोटा तुकडा. शुक्रवारी दुपारी मी रेघा मारल्या, आत्यानं हात फिरवला आणि एकही रेघ राहिली नाही. काळंभोर, ओलं, सपाट. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि त्याच क्षणी दारापाशी ठेवलेली ती ट्रंक आठवली.

अण्णा कामावरून आले. आत्यानं दगड खुर्चीपुढं ठेवला आणि बाजूला झाली. अण्णांनी चष्मा काढून पुसला, बोट फिरवलं, दगड उजेडाकडं तिरका धरला. पुन्हा फिरवलं. मग पेपर उचलून म्हणाले, "या कोपऱ्याला अजून बसलेला नाही."

मी कोपऱ्यावर रेघा मारून बघितल्या. बसला होता. "अण्णा, सगळीकडं सपाट आहे," मी म्हटलं. "तुझी पेन्सिल बोथट आहे," ते म्हणाले. शनिवारी सकाळी त्यांनी दुसरा कोपरा काढला. दुपारी म्हणाले, मध्ये किंचित खोलगट वाटतोय. आयुष्यभर कारखान्यात केसाच्या जाडीचे फरक ओळखणारा माणूस, आणि त्याला हा दगड सपाट झालेला कळत नव्हता? आत्या निमूट घासत होती. संध्याकाळी मी आईला स्वयंपाकघरात गाठलं आणि विचारलं, अण्णांचे डोळे आले आहेत का? आईनं पीठ मळता मळता माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "दगड झाला, की ती जाणार, एवढं तुझ्या बापाला कळतं हो." मी तिथंच पिठाच्या डब्यावर बसले. इतके दिवस मला वाटत होतं, की आत्यानं राहावं असं या घरात मला एकटीलाच वाटतंय.

पण शिबिराचा रविवार काही थांबणार नव्हता. त्याच संध्याकाळी अण्णा वस्तरा घेऊन साहेबापुढं बसलेच. दूध काढलं, पातळ केलं, शेवटी स्वच्छ पाणी. पातं चिकटायला लागलं तसा त्यांचा चेहरा बदलला. "मंदा, केस." मी केस दिला. तो धारेवर टेकला आणि नुसता खाली पडला. आत्या मोरीत उभी राहून बघत होती. तिनं हात धुतले, कोरडे केले आणि म्हणाली, "झालं माजं काम. उद्या विहारात पाया पडते आन तितनंच यष्टीला जाते." अण्णांनी वस्तरा पुसून मिटला. नंतर आंघोळ करून आले, तेव्हा त्यांचे केस बारीक कापलेले होते. मी विचारलं तर म्हणाले, "उन्हाळा किती आहे." आई मान खाली घालून भाकरी थापत होती.

विहाराच्या मागच्या आवारात कडुलिंबाखाली पाट मांडले होते, बादल्या भरून ठेवल्या होत्या. रीत अशी, की चीवर घेण्याआधी माणसानं घरच्यांची परवानगी घ्यायची आणि आपण कुणाला दुखावलं असेल तर क्षमा मागायची. कारखान्यातले एक फोरमन बायकोपुढं हात जोडून म्हणाले, मला क्षमा कर. ती म्हणाली, "सगळ्याबद्दल, की ठरावीक कशाबद्दल?" आणि भन्तेजींसकट सगळे हसले. एकेक जण अण्णांपुढं बसत होता. वस्तरा कपाळापासून मानेपर्यंत जात होता, मागं लख्ख कातडी उरत होती, आणि कुणाच्याही डोक्यातून थेंब आला नाही. आत्या ट्रंक शेजारी ठेवून कट्ट्यावर बसली होती आणि प्रत्येक डोक्याकडं टक लावून बघत होती.

शेवटचा मुलगा उठला. अण्णांनी वस्तरा धुतला, पट्ट्यावर फिरवला, आणि सदरा काढून स्वतःच पाटावर बसले. भन्तेजी म्हणाले, "तुमचं डोकं कोण करणार, उपासक? मी करू का?"

"नको, भन्ते," अण्णा म्हणाले. "दगड ज्यानं केला, त्यानं करावं." आणि त्यांनी वस्तऱ्याची मूठ आत्याकडं केली.

कुणीतरी मागून कुजबुजलं, बाईमाणसानं कसं करायचं? भन्तेजींनी त्या दिशेला बघितलं. "अजून चीवर कुठं घातलंय? तोवर ते त्यांचे भाऊच आहेत. पाणी आणा."

आत्या ट्रंकेपाशी उभी राहिली होती. तिचा हात आधी पुढं येईना. मग तिनं पदर खोचला, अण्णांच्या मागं येऊन उभी राहिली, ओंजळीनं त्यांच्या डोक्यावर पाणी घातलं आणि पहिला हात ओढला. खरंच, हात चांगला होता तिचा. अर्धं डोकं झालं असेल, तेव्हा अण्णा समोर बघत म्हणाले, "गजरा, मी तुला फार लागेल असं बोललो. मला क्षमा कर. दहा दिवस मी इथं आहे. या दोघी घरी एकट्या आहेत." त्यांचे खांदे हलायला लागले. आई आणि मी, दोघीही रडत होतो.

आत्याचेही डोळे भरून आले होते, पण वस्तरा थांबला नव्हता. तिनं डाव्या हातानं अण्णांची हनुवटी घट्ट धरली.

"गप. रडू नगंस, टाळू हालतीया," ती म्हणाली. "ऱ्हा तू हितं दहा दिस निवांत. घरी मी हाय."